आजीचे शब्द : कामाच्या नोंदी

15 जून 2025, रविवार

आज काम सुरू केलं. नागपूरच्या सीताबर्डीवरून जाड कागद आणला आणि पोस्टकार्डाएवढी दोनशे कार्डं कापून घेतली. चपलेच्या रिकाम्या खोक्यात ती नेमकी बसतात. सोबत एक रेघी वही. संगणकावर सगळं नंतर.

कारण आजच लिहून ठेवते. परवा आजीचं वर्षश्राद्ध झालं. मागच्या वर्षी आर्द्रा नक्षत्र लागलं त्या आठवड्यात ती गेली. स्वयंपाक नंदनवनला आत्याकडे होता. तव्यावरची पुरणपोळी उलटायला आली तेव्हा आत्या मागे न बघता हात पसरून म्हणाली, ‘सराटा दे वो.’ नवी वहिनी सांगलीकडची. तिने झारा पुढे केला, मग डाव, मग चिमटा. पोळी करपायला लागली. मी उलथनं उचलून आत्याच्या हातात दिलं आणि तिथेच उभी राहिले. सराटा हा शब्द मी वर्षभरात ऐकला नव्हता. माझ्या स्वयंपाकघरात मी उलथनंच म्हणते. आजी होती तोवर तो शब्द घरात रोज फिरत होता, त्याची आठवण ठेवायची वेळ कुणावर आली नव्हती.

घरी येताना सक्करदऱ्याच्या चौकात गाडी बाजूला लावून पावतीच्या मागे शब्द लिहिले. सात आठवले. आठवा घरी पोचल्यावर.

नियम ठरवले. शब्द मी स्वतः आजीच्या तोंडून ऐकलेला हवा. प्रत्येक शब्दासोबत तिचं एक वाक्य हवंच, वाक्य नसेल तर कार्ड अपूर्ण धरायचं आणि खोक्यात उभं न लावता आडवं टाकायचं. पुस्तकी मराठीत त्याच अर्थाने चालणारे शब्द घ्यायचे नाहीत. भाकर, दूध, पाऊस तीही म्हणायची, पण ते सगळ्यांचे आहेत.

18 जून, बुधवार

एका बैठकीत 41 शब्द झाले. निम्म्याहून अधिक स्वयंपाकघरातले. कोपर म्हणजे परात, गडवा म्हणजे तांब्या, गुंड म्हणजे पाण्याची कळशी, गंज म्हणजे पातेलं. भाजीच्या पिशवीतले : सांबार, भेदरं, बरबटी. कोथिंबीर, टोमॅटो, चवळी. शेंगदाण्यांना फल्ली, पिठल्याला चून.

सांबारावर मी बराच वेळ थांबले. नागपूरच्या बाहेर हा शब्द उच्चारला की लोकांना इडलीसोबतची वाटी दिसते. आमच्याकडे हिवाळ्यात सांबाराच्या जुड्या स्वस्त झाल्या की आजी महालातल्या घरात खाली बसून दोन-दोन जुड्या निवडायची आणि सांबारवडीचा घाट घालायची. वरचं आवरण बेसनाचं-मैद्याचं, आत सांबार, तीळ, खसखस, किसलेलं खोबरं, तिखट. दुसरीकडे तिला पुडाची वडी म्हणतात. पुडाची घडी घालताना आजीचा अंगठा आणि तर्जनी असे काही चालत की वडीला कुठे उघडं तोंडच राहत नसे. मी केलेल्या वड्या तेलात फुटतात, आतला सांबार बाहेर येतो आणि जळतो. कार्डावर वाक्य लिहिलं : ‘उलसा सांबार टाक वरून, डोयाले बरं दिसते.’

भेदऱ्याचं वाक्य : ‘भेदरं मऊ पाहून आनजो, पन फुटके नको.’ कोपराचं : ‘कोपरात पीठ काढ, मी आलीच.’

गंज सोडून सगळ्यांना वाक्यं मिळाली. गंजाचं उद्या बघू.

22 जून, रविवार

आजचा दिवस कोश बघण्यात गेला. दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश. 1932 ते 1938 या काळात त्याचे सात विभाग निघाले, पुरवणी 1950 साली. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो उघडून शब्द शोधता येतात, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही तिथेच आहे. मोल्सवर्थ जुना, पहिली आवृत्ती 1831 ची आणि दुसरी 1857 ची. माझं कामच मुद्रितशोधनाचं, शाळेच्या गाइडांचे आणि स्वाध्यायांचे गठ्ठे माझ्याकडे येतात. त्यामुळे कोश उघडणं ही रोजची सवय. पण या कोशात मी आजवर शब्द बरोबर आहे की चूक एवढंच बघायला जात होते.

आज पहिल्यांदा कंसातल्या खुणांकडे नीट पाहिलं. (व.) म्हणजे वऱ्हाडी. (ना.) म्हणजे नागपुरी. नव्वद वर्षांपूर्वी पुण्यात बसून काम करणाऱ्या माणसांनी आमच्याकडून शब्द मागवले, ते छापले आणि पुढे दोन अक्षरांची खूण करून ठेवली. ती (ना.) दिसली की माझं बोट पडद्यावर तिथेच थांबत होतं.

दुपारी ग्रिअरसनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड चाळला. मराठीचा तो खंड 1905 साली निघाला. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट घेतली आहे, घर सोडून गेलेला मुलगा बापाकडे परत येतो ती. आमच्या बाजूची खूण ओळखायला तज्ज्ञ लागत नाही : ‘ला’च्या जागी ‘ले’, ‘ण’चा ‘न’, ‘ळ’चा ‘य’. मले, तुले, पानी, डोया. मी तो नमुना मोठ्याने वाचला. घरात कुणी नव्हतं. बापाचं बोलणं आजीच्या आवाजात वाचलं गेलं.

कोशाने एक अडचण मात्र सुटत नाही. ‘उलसा’ म्हणजे थोडा. अर्थ बरोबर. आजीचा उलसा भात म्हणजे ताटात मुदीवर मुद, वरून फल्लीच्या तेलाची धार, आणि ‘खाय ना, उलसाच हाय’. मग अर्थाच्या रकान्यात काय लिहू? ‘थोडा’ लिहिलं आणि खाली वाक्य लिहिलं. वाचणाऱ्याने दोन्ही मिळून समजून घ्यावं.

29 जून, रविवार

काटोलला जाऊन आले. गणेशपेठ आगारातून एसटी, साठ-एक किलोमीटर. रस्ताभर रिपरिप. आजीचं माहेर काटोलच्या पुढे, तिची धाकटी बहीण अजून तिथे आहे. मावशीआजीचं वय ऐंशीच्या पुढे, कान एकच चालतो, तोंड दोन्ही कानांचं काम करतं. मोबाईलवर आवाज टिपू का, असं विचारलं. ‘टिप ना, पन माह्या शिव्या नको टिपजो.’

वट्ट्यावर बसलो. घरावर अजून अर्धी कवेलू, म्हणजे कौलं, आहेत, अर्ध्यावर टिना. तिच्याकडून संत्र्याचे शब्द मिळाले, ते मी आजीच्या तोंडून ऐकले होते पण त्यांचं मूळ कळलं नव्हतं. जंबेरी म्हणजे ते रानटी आंबट लिंबू, त्याच्या रोपावर संत्र्याचं कलम बांधतात. आंबिया बहार आणि मृग बहार. आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, फळ दिवाळीच्या आगेमागे. मृगाची फुलं पावसाच्या तोंडावर, फळ पुढच्या फेब्रुवारी-मार्चात. आणि ताण. बहार धरायचा असेल तर झाडाचं पाणी काही आठवडे तोडतात, पानं मलूल होऊन गळायला लागतात, मग पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. याला ताण देणं म्हणतात. माझ्यापुढे लख्ख उभं राहिलं : एकादशीला आजी चुलीजवळून उठायची आणि म्हणायची, ‘आज पोटाले ताण हाय.’ मी हे वाक्य पंचवीस वर्षं ऐकलं आणि मला वाटत आलं की तिचं पोट दुखतंय.

हे कार्ड मी एसटीतच लिहिलं, अक्षर वाकडं आलंय, पण बदलणार नाही.

निघताना मावशीआजीने विचारलं, ‘तिचे शब्द काहून लिहून राहिली वो? आमी समदे असंच बोलतो.’ उत्तर देता आलं नाही. खरंच आहे. सराटा, गडवा, बरबटी यातलं आजीचं एकटीचं काय? अर्ध्या विदर्भाचे शब्द आहेत ते. परतीच्या वाटेवर कळमेश्वर येईपर्यंत हाच विचार. शेवटी एवढं सुचलं की शब्द सगळ्यांचे असतील, पण ती कोणता शब्द कुणाला म्हणाली, हे फक्त तिचं आहे. म्हणून कार्डावर चौथा रकाना वाढवला : ‘कुणाला’.

आता जुनी सगळी कार्डं पुन्हा भरावी लागतील. भरीन.

2 जुलै, बुधवार

एकच कार्ड. रात्री आठला फोन वाजला, दूरसंचार कंपनीचा होता. आठ ही आजीच्या फोनची वेळ. वर्ष झालं तरी आठ वाजता मी हातातलं काम खाली ठेवते. आज पुढे काही झालं नाही.

13 जुलै, रविवार

आज शब्द घेतले नाहीत, शब्दांचा जोड घेतला. आजी फोनवर पहिलं वाक्य नेहमी तेच बोलायची : ‘काय करून राहिली?’ पुण्या-मुंबईकडचा माणूस ‘काय करतेयस’ म्हणेल. आमच्याकडे क्रिया चालू असेल तर ती करून ‘राहते’. पाऊस येऊन राहिला. पोट्टे खेळून राहिले. भाजी जळून राहिली, धाव. हिंदीतल्या ‘कर रही है’च्या शेजारी आमचं घर, तिथून हे आलं असं म्हणतात. कुठून का येईना, त्यात मला राहण्याचा अर्थ ऐकू येतो. काम करणारा त्या कामात वस्तीला आहे.

याच्या जोडीला ‘-जो’. ‘ये’ म्हणजे आत्ता ये. ‘येजो’ म्हणजे पुढे कधी तरी, तुझ्या सोयीने, पण ये. ‘पोचल्यावर फोन करजो.’ ‘उन्हात नको जाजो, नवतपा हाय.’ नवतपा म्हणजे मेच्या शेवटी रोहिणीत सूर्य गेला की येणारे नऊ दिवस, नागपुरात त्या दिवसांत खसच्या ताट्या ओल्या करूनही कूलर हरतो. पुस्तकी मराठीत आज्ञा एकच, आत्ताची. आजीकडे दोन होत्या. दुसऱ्या आज्ञेत घाई नसायची, आणि मी ती बहुतेक वेळा विसरायचे, आणि तिला ते चालायचं.

‘राहणे’च्या कार्डावर वाक्य कोणतं लिहावं याबद्दल मी दोन तास टाळत बसले. तिच्या तोंडून मी ऐकलेलं शेवटचं वाक्य याच जोडाचं आहे. ती दवाखान्यात होती, आत्याने फोन तिच्या कानाला लावला. ‘कवा येऊन राहिली तू?’ माझ्यासमोर चौथीच्या गाइडाचे फर्मे पडले होते, छापखान्याला सकाळी द्यायचे होते. मी म्हणाले, उद्या सकाळी नक्की. सकाळी गेले तेव्हा ती बोलत नव्हती. संध्याकाळी गेली.

वाक्य लिहिलं. कुणाला : मला.

या आठवड्यात आलेल्या एका स्वाध्यायात मुलाने ‘आई स्वयंपाक करून राहिली आहे’ असं वाक्य केलं होतं, नमुना उत्तर म्हणून चुकून छापलं गेलं होतं. ते मला खोडून द्यायचं होतं. खोडलं, कारण परीक्षेत त्याचे गुण जातील. पण समासात पेन्सिलने लिहून पाठवलं की हे वाक्य अशुद्ध नाही, बोलीतलं आहे, शिक्षकांसाठी तशी टीप द्यावी. देतील की नाही माहीत नाही.

27 जुलै, रविवार

भोंगा, पाळी, वख्त. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये माग खात्यात होते. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला ती सुरू केली. महालातल्या आमच्या खोल्यांपर्यंत तिचा भोंगा ऐकू यायचा आणि आजीचा सगळा दिवस त्यावर बांधलेला होता. डबा, पाणी, झोप. मिल बंद पडली, भोंगा गेला, आजोबाही गेले, तरी ती मला म्हणायची, ‘भोंग्याच्या वख्ताले उठ, तवा अभ्यास डोक्यात राह्यते.’ मी त्या वेळेला उठायचे, भोंगा न वाजता. तेव्हाचं तिचं पायाशी बसून काथ्याची दोरी वळणं अजून दिसतं.

एकूण कार्डं 97.

23 ऑगस्ट, शनिवार

पोळा काल झाला, आज मारबत, म्हणजे घरादारातली पीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. काम म्हणून गेले, वही घेऊन. गेले ते चिटणीस पार्काजवळच्या आमच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी, आजी जिथे उभी राहायची तिथेच. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून, मागे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते तिथली गर्दी मला सोसत नाही, आजीलाही सोसायची नाही.

मारबतीचे दोन अर्थ कार्डावर लिहिले. एक, ही. दुसरा, मी : ‘केसं विंचर वो, निरी मारबत दिसून राहिली.’

मिरवणुकीत लोक ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडतात, आधी जो तो आपली पीडा जोडतो. रोगराई, महागाई, पुढाऱ्यांच्या नावाने काहीबाही. आजी मात्र घरातलं नेमकं सांगायची. सांगितलं नाही तर मारबतीला कसं कळणार काय न्यायचं, असा तिचा हिशेब. मी तिसरीत असताना मला टायफॉइड झाला होता. त्या वर्षी तिने पदर डोक्यावर घेऊन पुऱ्या आवाजात म्हटलं होतं, ‘माह्या मनीचा ताप घेऊन जाय गे मारबत!’ बाजूच्या पोरांनीही तोच घोष धरला, मनी कोण हे माहीत नसताना. मी खिडकीत गोधडी पांघरून ऐकत होते.

आज पिवळी आली तेव्हा मी वही पिशवीत टाकली आणि ओरडले, आत्याची गुडघेदुखी घेऊन जा गे मारबत. आवाज सुरुवातीला फुटेना. दुसऱ्यांदा नीट निघाला.

1 सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्या जेवल्या. रजा टाकून सकाळी सहाला आत्याकडे. सोळा भाज्या, पुरण, कढी, ज्वारीची आंबील, वर बांधायला फुलोरा. घरात चाळीस पानं व्हायची. आजी असताना पुरणाचं काम तिच्याकडे, आता आत्याकडे, आत्याचं जुनं काम माझ्याकडे. आंबील ढवळत होते.

आत्या म्हणाली, ‘तो मोठा गंज उतरव.’ तेव्हा आठवलं की जूनपासून खोक्यात एकच कार्ड आडवं पडलंय. म्हटलं, आत्या, आजीचं गंजाचं एक वाक्य सांग ना, मला एकही आठवत नाही.

तिने हात न थांबवता पाच सांगितली. ‘गंज धुवाले टाक, गंज झाले.’ पहिला गंज पातेलं, दुसरा गंज म्हणजे पुष्कळ, आजीला असं एकाच वाक्यात दोन्ही वापरायला आवडायचं. ‘दुधाचा गंज उघडा नको ठेवू, बिल्ली हाय.’ ‘गंजाच्या बुडाचा भात मले ठेव.’ मी आंबिलीचा डाव खाली ठेवून मोबाईलवर लिहून घेतलं. फारसीत गंज म्हणजे खजिना, साठा. तिथून आमच्याकडे भांडंही आलं असेल आणि पुष्कळही, हे मी तिला सांगत होते.

मग चौथ्या रकान्यासाठी विचारलं, हे कुणाला म्हणाली? एक आत्याला, एक माझ्या आईला, एक दूधवाल्याला, एक बाबांना.

‘आणि मला?’

आत्याने माझ्याकडे पाहिलं. ‘तुले कशी म्हनन? तू आली का पातेलं. शायेतून यायची तुही वेळ झाली का आमाले सांगे, मनी येऊन राहिली, पातेलं म्हना आता.’

बाहेर सवाष्णी हात धुवायला उठल्या होत्या. वाढायला गेले.

7 सप्टेंबर, रविवार

सहा दिवस खोकं उघडलं नाही. आज उघडलं.

1998. मी सहावीत. वर्गात एक मुलगी पुण्याहून बदली होऊन आलेल्या कुटुंबातली, बोलणं पुस्तकासारखं स्वच्छ, मला तिच्यासारखं बोलता यावं असं फार वाटायचं. एकदा ती आमच्याकडे जेवायला आली. आजीने गोळाभात केला होता, खास तिच्यासाठी, चिंचेच्या सारासकट. आजी म्हणाली, ‘गंजात गंज भात हाय, लाजू नको.’ मुलीला वाटलं भांडं गंजलंय. तिने खरंच वाकून आत पाहिलं. मग हसली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, आज मला तसं वाटतं. तेव्हा मला जमीन फाटावी असं झालं.

ती गेल्यावर मी आजीला म्हटलं, ‘आजी, माझ्या मैत्रिणींसमोर पातेलं म्हणत जा. गंज लोखंडाला चढतो.’

ती म्हणाली, ‘बरं.’

एवढंच. रागावली नाही, वाद घातला नाही, बाबांना सांगितलं नाही. मी फक्त मैत्रिणींसमोर म्हटलं होतं. तिने माझ्यासमोर असं धरलं. मैत्रीण दोन वर्षांत पुन्हा बदली होऊन गेली. आजीचं पातेलं मात्र राहिलं, सव्वीस वर्षं, दवाखान्यापर्यंत. आणि मला कळलंही नाही. माझ्या कानाला तिचं पातेलं तिचंच वाटत आलं. म्हणून गंजाचं वाक्य आठवत नव्हतं. ते माझ्या आठवणीत नाहीच.

आज खग्रास चंद्रग्रहण आहे. सूतक लागायच्या आधी आत्याचा फोन आला. आजीचीच आठवण करून देण्याची पद्धत तिने उचललीय : ‘दुधाच्या गंजात तुळशीचं पान टाकलं काय वो?’ टाकलं म्हटलं. मग म्हटलं, ‘आत्या, माझ्या गंजात टाकलं.’ तिकडे क्षणभर काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, ‘हो ना माय.’

रात्री अकराच्या सुमाराला गच्चीवर गेले. ढगांच्या फटीतून तांबूस चंद्र दोनदा दिसला.

14 सप्टेंबर, रविवार

‘गंज’ कार्ड पूर्ण. वाक्यं पाच, सगळी आत्याकडून, कोपऱ्यात तसं लिहिलं. ‘कुणाला’मध्ये आत्या, आई, दूधवाला, बाबा, आणि पाचव्याला पुन्हा आत्या. कार्ड उभं लावलं.

बाकी कामाचं : स्वयंपाकघर 58, शेत आणि संत्रं 31, माणसांना हाका आणि शिव्या 27, सण 19, व्याकरण 11, उरलेले 16. एकूण 162. टंकलेखनाला सुरुवात केली, युनिकोडमध्ये. ‘भैताड’ म्हणजे वेडगळ, त्याचं वाक्य बाबांनी सांगितलं, सांगताना त्यांना हसू आवरेना आणि मग डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. ते वाक्य इथे लिहीत नाही, कार्डावर आहे.

21 सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. सकाळी कावळ्यासाठी पान ठेवलं. सांबारवडी केली, आठापैकी पाच फुटल्या नाहीत.

दुपारी बाबा, आत्या आणि मी खोकं मध्ये घेऊन बसलो. छपाईआधी यादी पक्की करायची होती. मी म्हटलं, एक शब्द वाढवायचाय. बाबा म्हणाले, नियमात बसत नाही. पुस्तकी शब्द घ्यायचे नाहीत हे तूच पहिल्या दिवशी लिहिलंस, मग उद्या वाटी, चमचा सगळंच येईल. बाबांचं म्हणणं बरोबर होतं, मी वही काढून तो नियम त्यांना वाचूनही दाखवला. आत्या म्हणाली, ‘पुस्तकातला असन, पन तिनं पुस्तकातून नाही घेतला ना.’

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बाबांनीच कोरं कार्ड माझ्यापुढे सरकवलं.

शब्द : पातेलं
अर्थ : गंज
वाक्य : ‘पातेल्यात भात झाकून ठेवला, मने. उलसाच हाय.’
कुणाला : मला
कुणाकडून शिकली : माझ्याकडून, 1998

कार्ड ‘पातोडी’च्या आधी लावलं. एकूण 163.